साखर कोणी मोजायची?

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. परीक्षानळीत निळेशार बेनेडिक्टचे द्रावण घ्यायचे, त्यात ग्लुकोजचे काही थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. थोड्याच वेळात निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी आणि शेवटी विटकरी रंग होतो. द्रावणातील तांब्याच्या आयनांचे ग्लुकोजमुळे क्षपण होते आणि क्युप्रस ऑक्साइडचा साका तयार होतो, हे स्पष्टीकरण आपण फळ्यावर लिहितो आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतो.

विसाव्या शतकात अनेक दशके हाच प्रयोग लाखो माणसे आपल्या घरात रोज करत होती. ग्लुकोजच्या जागी स्वतःची लघवी आणि बुन्सेन बर्नरच्या जागी स्टोव्ह किंवा स्पिरिटचा दिवा, एवढाच फरक. द्रावण निळे राहिले तर दिवस चांगला, विटकरी झाले तर वाईट. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी १९०८-०९ च्या सुमारास तयार केलेले हे द्रावण मधुमेही माणसाचे रोजचे प्रगतिपुस्तकच झाले होते.

मधुमेहाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासारखी आहेच. पण तिच्या आड दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. हा रोग आटोक्यात ठेवायचा कोणी, डॉक्टरने की रोग्याने? साखर कोणी मोजायची, औषधाची मात्रा कोणी ठरवायची आणि साखर वाढली तर दोष कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आहेत. प्रत्येक बदलामागे जसे विज्ञान होते, तसाच माणसांचा माणसांवरचा विश्वास किंवा अविश्वासही होता.

वैद्याचा आदेश

आपल्या प्राचीन वैद्यांना मधुमेहाची ओळख होती. ज्या लघवीकडे मुंग्या ओढल्या जातात तो रोग, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. सुश्रुतसंहितेत रोग्याने काय करावे याचे तपशीलवार मार्गदर्शन आहे. निर्धन आणि आप्तस्वकीय नसलेल्या रोग्याने जोडा व छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे, असे तेथे सांगितले आहे. योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते. पण कसेही मोजले तरी ही शेकडो मैलांची पायपीट होते. कृश रोग्याला मात्र जपावे, अशी सूचनाही तेथेच आहे.

ही सूचना महत्त्वाची आहे. आज आपण ज्यांना टाइप १ आणि टाइप २ म्हणतो, ते दोन प्रकार काहीसे असेच वेगळे करता येतात. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट होतात. इन्शुलिन नसल्याने रक्तातील ग्लुकोज पेशींना नीट वापरता येत नाही आणि माणूस खात असूनही झपाट्याने वाळत जातो. टाइप २ मध्ये इन्शुलिन असते, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत आणि हळूहळू त्याचे उत्पादनही कमी पडू लागते. पहिल्या प्रकारच्या रोग्याला पायपिटीने फायदा होणार नाही, दुसऱ्याला होऊ शकेल.

उपचारांचा फार मोठा भाग रोग्याने स्वतः करायचा आहे हे प्राचीन वैद्यांनाही दिसले होते. परंतु तो आदेश म्हणून करायचा होता. आपण पाळलेल्या पथ्याचा काही उपयोग होतो आहे की नाही, हे पडताळून पाहण्याचे साधन रोग्याच्या हाती नव्हते.

पॅरिसचा वेढा

ते साधन रोग्याच्या हाती देण्याचा आग्रह धरणाऱ्यांत आपोलिनेर बुशार्दा हे फ्रेंच वैद्यक आघाडीवर होते. १८७० च्या सप्टेंबरपासून १८७१ च्या जानेवारीपर्यंत प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. शहरात अन्नाची भीषण टंचाई झाली. या काळात बुशार्दा यांच्या लक्षात आले, की त्यांच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली आहे. लढाईने नकळत एक प्रयोग करून दाखवला होता.

बुशार्दा यांनी त्यावरून कमी खाण्याचा आणि भरपूर अंगमेहनतीचा उपचार पक्का केला. घाम गाळून भाकरी कमवा, असे ते रोग्यांना सांगत. पण आपल्या दृष्टीने त्यांची दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे. रोग्याने आपल्या लघवीतील साखर रोज तपासावी आणि कोणते अन्न आपल्याला मानवते ते त्यावरून ठरवावे, असे ते म्हणत. एकच पथ्य सर्वांना लागू पडत नाही, हे त्यांना कळले होते. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी रोग्याला उत्तर पाठ करायला न देता प्रयोग करायला दिला.

पक्ष्याचे दाणे आणि टूथपेस्ट

कमी खाण्याचा उपचार पुढे एका टोकाला गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी १९१४ नंतर अत्यंत कडक उपासमारीची पद्धत राबवली. प्रथम लघवीतील साखर जाईपर्यंत उपवास आणि नंतर साखर पुन्हा दिसणार नाही इतकेच अन्न. काही रोग्यांना दिवसाला चार-पाचशे कॅलरींवर राहावे लागे. ॲलन हे क्रूर गृहस्थ नव्हते. इन्शुलिन नसताना टाइप १ चे मूल एक-दोन वर्षांत दगावत असे. उपाशी ठेवल्याने त्याचे आयुष्य काही महिने, क्वचित काही वर्षे लांबवता येई.

ॲलन यांच्या रोग्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची दृष्टी गेलेली होती. त्याला वेगळ्या खोलीत ठेवले होते, तरी लघवीत साखर दिसतच होती. ती येते कोठून हे कोणाला समजेना. अखेर उलगडा झाला. तो मुलगा टूथपेस्ट खात होता आणि खोलीतील पाळीव पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. बराच काळ नाकबूल केल्यानंतर त्याने हे कबूल केल्याची नोंद आहे. पुढे तो मुलगा दगावला.

या नोंदीकडे दोन प्रकारे पाहता येते. एका नजरेला तो खोटे बोलणारा, पथ्य मोडणारा रोगी दिसतो. दुसऱ्या नजरेला दिसते ते भुकेने कासावीस झालेले एक आंधळे मूल. मधुमेहाच्या उपचारात या दोन नजरांचा झगडा तेव्हापासून चालू आहे.

सुई कोणाच्या हाती?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला, तेव्हा त्याची साखर झपाट्याने उतरली. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, कॉलिप आणि जॉन मॅक्लिओड यांच्या या कामाची कथा अनेक पुस्तकांत आहे. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळाले आणि त्यांनी ते अनुक्रमे बेस्ट व कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतले.

आपण इथे एका मुलीकडे पाहू. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या. अकराव्या वर्षी, १९१९ मध्ये तिला मधुमेह झाल्याचे निदान झाले आणि ती ॲलन यांच्या उपासमारीच्या पथ्यावर राहिली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा तिला पंधरावे वर्ष पूर्ण होत होते आणि तिचे वजन होते ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो. इन्शुलिनने ती पुन्हा भरली, वाढली. लवकरच ती स्वतःचे इंजेक्शन स्वतः घेऊ लागली. पुढे ती पदवीधर झाली, तिने संसार केला आणि १९८१ मध्ये ७३ व्या वर्षी तिचे निधन झाले. आयुष्यभरात तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली असावीत, असा अंदाज आहे. हा रोग तिने भोवतालच्या जगापासून आयुष्यभर लपवून ठेवला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

बेचाळीस हजार इंजेक्शने कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. इन्शुलिनने मधुमेहाला मृत्युदंडाऐवजी जन्मभराच्या दैनंदिन कामाचे रूप दिले. अमुक इतके खाल्ले, इतके चाललो, आता इन्शुलिन किती घ्यायचे? मात्रा कमी पडली तर साखर चढते. जास्त झाली तर ती इतकी उतरते, की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते आणि शेवटी शुद्ध हरपते. दिवसातून अनेकदा सोडवायचे हे गणित आणि गणित करणारा रोगी घरी. रोग्याला शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

बोस्टनचे एलियट जोसलिन यांनी हे फार आधी ओळखले होते. इन्शुलिनच्याही आधी, १९१८ मध्ये त्यांनी मधुमेहाची एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्या उपशीर्षकातच डॉक्टर आणि रोगी या दोघांनी मिळून वापरण्यासाठी, असे म्हटले होते. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम या तीन घोड्यांचा रथ रोग्याने हाकायचा आहे, हा दाखला ते देत. रोग्यांच्या घरी जाऊन शिकवणाऱ्या परिचारिकाही त्यांनी तयार केल्या. मात्र या शिकवणीला शिस्तीचा आणि नीतीचा जबर सूर होता. चांगला रोगी म्हणजे आज्ञाधारक रोगी, आणि साखर वाढली तर कोठेतरी संयम सुटला असणार, असे समीकरण त्यातून रुजले.

लंडनमध्ये वेगळ्या वाटेने एक शिक्षक तयार झाला, कारण तो स्वतःच रोगी होता. रॉबिन लॉरेन्स या तरुण डॉक्टरला १९२० च्या सुमारास मधुमेह झाला. आता फार दिवस उरले नाहीत असे समजून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला. १९२३ मध्ये लंडनहून त्याच्या सहकाऱ्याचा निरोप आला, इन्शुलिन मिळाले आहे, ताबडतोब परत ये. खंगलेल्या अवस्थेत मोटार चालवत तो युरोप ओलांडून आला आणि ३१ मे १९२३ रोजी त्याला पहिले इंजेक्शन मिळाले. यानंतर तो ४५ वर्षे जगला. १९२५ मध्ये त्याने मधुमेही जीवनावर सोप्या भाषेत पुस्तक लिहिले. १९३४ मध्ये आपले एक रोगी, प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्या साथीने त्याने मधुमेहींची संघटना उभी केली. डॉक्टर आणि रोगी एकाच संघटनेचे सभासद, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. त्याही आधी, १९२६ मध्ये, लिस्बनला एर्नेस्तो रोमा यांनी इन्शुलिन परवडत नसलेल्या गरीब रोग्यांसाठी संस्था काढली होती. रोग्याची जिद्द कितीही असली तरी औषध विकत घेता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

रंगातून आकड्याकडे

१९४१ मध्ये बेनेडिक्टच्या द्रावणाची जागा घेणारी एक गोळी बाजारात आली. लघवीत टाकली की ती फसफसे, स्वतःच उष्णता निर्माण करी आणि रंग दाखवी. दिव्याची गरज संपली. १९५६ मध्ये लघवीत बुडवून रंग पाहण्याच्या पट्ट्या आल्या. घरी तपासणे सोपे होत गेले, पण एक मूलभूत अडचण कायम होती.

निरोगी माणसाचे मूत्रपिंड रक्तातून गाळलेले ग्लुकोज परत शोषून घेते. रक्तातील प्रमाण दर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेले, की ही क्षमता संपते आणि साखर लघवीत उतरू लागते. त्यामुळे निळे राहिलेले द्रावण एवढेच सांगे, की साखर या उंबरठ्याच्या आत होती. ती १७० होती की ५० होती, याचा पत्ता लागत नसे. शिवाय मूत्राशयात कित्येक तासांची लघवी साठलेली असते. म्हणजे रोगी जो रंग पाहत होता ती शिळी बातमी होती. वयोमानाने उंबरठाही बदलतो. अशा अपुऱ्या साधनावर विसंबून माणसे जन्मभर मात्रा ठरवत होती आणि चुकली तर बोलणीही खात होती.

रक्ताचा थेंब टाकून रंग पाहण्याची पट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यास आली आणि त्या रंगाचा आकडा करून सांगणारे यंत्र १९७० च्या आसपास. हे यंत्र एक किलोहून जड आणि महाग होते. ते होते डॉक्टरांसाठी, रुग्णालयांसाठी. रोग्यांना ते विकत नसत.

न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्नस्टाइन हे व्यवसायाने अभियंता. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही, आणि पस्तिशीतच शरीरावर रोगाचे परिणाम दिसू लागलेले. त्यांनी यंत्राची जाहिरात वाचली. पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर त्यांनी ते ६५० डॉलरना मागवले. मग एखादा अभियंता बिघडलेल्या यंत्राचा करील तसा त्यांनी स्वतःच्या शरीराचा अभ्यास सुरू केला. दिवसातून अनेकदा साखर मोजायची, काय खाल्ले, किती इन्शुलिन घेतले हे टिपायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहायचा. दिवसभरात साखर किती हेलकावे खाते हे त्यांना प्रथमच दिसले आणि ते हेलकावे त्यांनी कमी करत आणले. हा अनुभव त्यांनी लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला, तो नाकारला गेला. तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचवलेल्या अत्यंत कमी पिष्टमय आहाराबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण रोग्याने घरी रक्त तपासावे ही त्यांची मागणी काळाच्या पुढची होती. १९७८ मध्ये इंग्लंडमधील दोन गटांनी, सामान्य रोगी घरी रक्तशर्करा बिनचूक मोजू शकतात आणि त्याने नियंत्रण सुधारते, असे स्वतंत्रपणे दाखवले.

वहीतले खोटे आकडे

आता रोग्याच्या हाती आकडा आला. तो वहीत लिहायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. आणि इथेच मानवी स्वभावाने डोके वर काढले.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी काही रोग्यांना अशी यंत्रे दिली, ज्यांत प्रत्येक मोजणी आपोआप साठवली जाई. रोग्यांना याची कल्पना नव्हती. नंतर यंत्रातील आकडे वह्यांशी ताडून पाहिले. अनेकांच्या वहीतून चढे आकडे गळले होते आणि न मोजलेले, दिसायला चांगले आकडे मात्र लिहिले गेले होते.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे अशा वेळी म्हणतो, माहिती सदोष आहे. पण ती सदोष का झाली? गृहपाठाच्या वहीत उत्तर कॉपी करणारा विद्यार्थी शिक्षकांना नवा नाही. चूक दाखवली की मदत मिळते असे ज्या वर्गात वाटते, तिथे मुले चुका झाकत नाहीत. चूक दाखवली की ओरडा मिळतो असे जिथे वाटते, तिथे वही स्वच्छ असते आणि डोक्यात गोंधळ. रोग्याची वही हेच सांगत होती. ज्या आकड्यावरून उद्याची मात्रा ठरवायची तोच आकडा दुसऱ्याला खूष करण्यासाठी लिहिला जात होता, आणि त्याची किंमत रोग्याचे डोळे व मूत्रपिंडे मोजणार होती.

याच सुमारास न फसवता येणारी एक चाचणी वापरात आली होती. तेहरानचे सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक विशिष्ट घटक जास्त आढळला. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला कायमचे चिकटते आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे हे प्रमाण मोजले की मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एचबीए१सी या नावाने ती आज सर्वांना ठाऊक आहे. रक्तक्षय असल्यास तिचाही आकडा चुकू शकतो, हे आपल्या देशात विसरता कामा नये. या चाचणीचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकत होता. एक, चोर पकडण्यासाठी. दुसरा, रोज काय चुकते ते रोग्यासह शोधण्यासाठी. चाचणी तीच, दृष्टी वेगळी.

१४४१ स्वयंसेवक

साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू खरोखर वाचतात का, याबद्दल १९८० पर्यंत तज्ज्ञांत एकमत नव्हते. हा वाद सोडवण्यासाठी १९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील २९ केंद्रांत एक मोठी चाचणी सुरू झाली. टाइप १ चे १४४१ रोगी स्वयंसेवक म्हणून पुढे आले. निम्म्यांना तेव्हाचा नेहमीचा उपचार. उरलेल्यांनी रोज निदान चार वेळा रक्त तपासायचे, तीन किंवा अधिक इंजेक्शने घ्यायची किंवा पंप वापरायचा आणि आकड्यांप्रमाणे मात्रा बदलायची.

१९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. पहिल्या गटाचे एचबीए१सी सुमारे ९ टक्के होते, दुसऱ्याचे सुमारे ७ टक्के. दुसऱ्या गटात नेत्रपटलाचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंच्या विकारांतही मोठी घट होती. त्याची किंमतही होती. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले. टाइप २ बाबत ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली ५१०२ रोग्यांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने १९९८ मध्ये याच दिशेचा निष्कर्ष दिला. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत एक चतुर्थांश घट झाली होती.

या यशाचे एक पान फारसे वाचले जात नाही. अमेरिकेतील त्या दुसऱ्या गटाला दरमहा भेट, वारंवार दूरध्वनी, परिचारिका, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असा भक्कम आधार होता. चाचणी संपली, रोगी आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. काही वर्षांतच त्यांचे एचबीए१सी ७ वरून सुमारे ८ वर गेले. पहिल्या गटालाही आता नवी पद्धत शिकवली होती. ते ९ वरून सुमारे ८ वर आले. दोन्ही गट एकाच जागी येऊन मिळाले. माणसे तीच होती, त्यांची इच्छाशक्तीही तीच. बदलला होता तो आधार. रोग्याची वृत्ती ही केवळ त्याच्या मनात राहणारी वस्तू नाही, भोवतालची व्यवस्था ती घडवते किंवा मोडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

आज्ञा की निर्णय?

लॉस एंजेलिसच्या एका सरकारी रुग्णालयात लिओना मिलर यांनी गरीब वस्तीतील सुमारे ६००० रोग्यांसाठी परिचारिकांचे मार्गदर्शन आणि दूरध्वनीवर सल्ला सुरू केला होता. १९७२ मध्ये त्यांनी जाहीर केले, की मधुमेही बेशुद्धीचे प्रमाण जवळजवळ दोन तृतीयांशांनी घटले. ज्यांना बेजबाबदार म्हटले जाई, त्यांना विचारायला कोणीतरी मिळाले एवढेच झाले होते. पुढे जिनिव्हात जाँ-फिलिप असाल आणि डुसेलडॉर्फमध्ये मिखाएल बेर्गर यांनी रोगीशिक्षणाचे शास्त्रच उभे केले. डुसेलडॉर्फमधील पाच दिवसांच्या वर्गात रोगी अन्नाला पथ्याच्या चौकटीत बसवण्याऐवजी इन्शुलिन अन्नाप्रमाणे बेतायला शिकत. ब्रिटनमध्ये हीच पद्धत १६९ रोग्यांवर तपासली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खाण्याची मोकळीक वाढूनही सहा महिन्यांत एचबीए१सी सुमारे एका टक्क्याने उतरले. मोकळीक दिली की माणसे बेताल होतात, ही समजूत निदान इथे खोटी ठरली.

१९९१ च्या सुमारास मिशिगनमधील मार्था फनेल, रॉबर्ट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला नाव दिले, सक्षमीकरण. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मधुमेहाविषयीचे बहुतेक निर्णय रोजच्या जगण्यात, स्वयंपाकघरात, कामावर घेतले जातात. ते रोगीच घेतो आणि परिणामही तोच भोगतो. म्हणून त्याने ऐकले की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की यांनी रोगाच्या या रोजच्या ओझ्याने येणारा मानसिक थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. औषध टाळणारा माणूस आळशी नसून थकलेला असू शकतो, हे आता मोजून दाखवता येऊ लागले.

याचा अर्थ हातात यंत्र दिले की काम झाले, असा नाही. इन्शुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या ४५३ रोग्यांवरील ब्रिटिश अभ्यासात, घरी वारंवार रक्त तपासल्याने नियंत्रणात लक्षणीय फरक पडला नाही, असे २००७ मध्ये आढळले. आकड्याचे काय करायचे हे समजले आणि करता आले, तरच मोजण्याला अर्थ आहे.

आपल्या देशात, आपल्या वर्गात

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार आणि व्यायाम यांत माफक बदल केले तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटते. २०१३ मध्ये याच गटाने ५३७ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात मोबाइलवर नियमित पाठवलेल्या छोट्या संदेशांनीही ३६ टक्के घट साधली. चार ओळींची आठवण करून देणारे कोणी असणे, यात किती बळ आहे पाहा.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून केलेल्या कामातून दिसले, की आपली कमी वजनाची नवजात बालकेदेखील युरोपीय बालकांच्या तुलनेत शरीरात चरबी अधिक बाळगून असतात आणि त्याचा पुढील मधुमेहाशी संबंध असू शकतो. म्हणजे रोगाची मुळे आईच्या पोषणापर्यंत मागे जातात. जिभेवर ताबा नाही म्हणून झाला, असा शेरा मारणे सोपे आहे. विज्ञान मात्र तो शेरा मान्य करत नाही.

शिक्षकांचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. टाइप १ चे एखादे मूल आपल्या वर्गात असू शकते. गोड खाल्ल्यामुळे त्याला हा रोग झालेला नाही. त्याला तासाला रक्त तपासावे लागेल, डबा ठरल्या वेळी खावा लागेल, साखर चढली असेल तर लघवीला वारंवार जावे लागेल. खेळाच्या तासानंतर ते घामाघूम झाले, चिडचिडे किंवा गोंधळलेले वाटले, तर त्याची साखर उतरली असण्याची शक्यता धरावी. शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि त्याला एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता एका कुशीवर वळवावे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. एवढे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवे.

याखेरीज आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. त्या मुलाने यंत्र काढले आणि आकडा २८० आला, तर आपण काय विचारतो? काय खाल्लेस, असे विचारले तर ते पुढच्या वेळी यंत्र बाकाखाली लपवून मोजेल किंवा मोजणारच नाही. आकडा कळला हे बरे झाले, आता काय करायचे तुला ठाऊक आहे ना, असे विचारले तर ते मोजत राहील. बेनेडिक्टच्या प्रयोगात विटकरी रंग आला म्हणून आपण परीक्षानळीला रागावत नाही. तो रंग काय सांगतो ते वाचतो. मुलालाही आपला आकडा तसाच, न घाबरता, वाचता आला पाहिजे.